पाळण्याची दोरी आणि शासनाची तिजोरी

(बी. ए. तृतीय वर्ष)

यंदाच्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धा पुष्कळांच्या स्मरणात असेल. शिक्षणावरील शासकीय खर्च वाढवावा की नाही, असा नेहमीचाच विषय होता. विरुद्ध बाजूने बोलणारा एक मित्र ऐन रंगात आला होता. "उद्या तुम्ही अंगणवाडीच्या बाईलाही पदवी मागाल!" तो हात उंचावून म्हणाला, "अहो, लेकरे सांभाळायला कसले आले आहे प्रशिक्षण? आपल्या आया कोणत्या कॉलेजात शिकून आल्या होत्या?" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या आणि पहिल्या रांगेतील गुरुजनवर्गही गालांतल्या गालांत हसला. टाळीसाठी माझेही हात उचलले गेले होते. पण ते तसेच खाली आले.

माझी बोलण्याची पाळी आधीच होऊन गेली होती. त्या दिवशी जे सांगता आले नाही ते या वार्षिकांकाच्या पानांवर सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझा तो मित्र मनाने वाईट नाही. त्याने जे बोलून दाखविले तेच आपण सारे मनात धरून असतो. पाळण्याची दोरी धरणारा हात जगाचा उद्धार करतो, हे सुभाषित आपण भाषणांतून घोळवितो. पण त्या हाताला काही शिकवावे, त्याच्या श्रमाला दाम द्यावे, असा प्रश्न निघाला की आपल्याला हसू येते.

माझे हात खाली का आले, ते आधी सांगते.

आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. आषाढात पावसाने जोर धरला की आमच्याकडे रोवणी सुरू होते. पऱ्हे काढायचे, पेंड्या बांधायच्या आणि घोटाभर चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवायचे. हे काम मुख्यत: बायांचे. रोवणीचे दिवस मोजके असतात, मजुरी त्याच दिवसांत मिळते आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे त्या तीन-चार आठवड्यांत गावात म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या थोड्या मोठ्या मुली एवढेच उरतात. २०१२ सालच्या रोवणीत मी अशीच एक थोडी मोठी मुलगी होते. तिसरीत शिकत होते. माझा भाऊ दीड वर्षाचा. आई बांधीवर गेली की तो माझ्या कडेवर. शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे त्या महिन्यात किती गैरहजेऱ्या लागल्या असतील, देव जाणे. त्याबद्दल ना घरी कोणी काही बोलले, ना शाळेत. रोवणी होती, एवढे कारण सर्वांना पुरेसे होते.

त्या दिवसांत भावाला हगवण लागली. आजी म्हणाली, "पाणी नोको देऊ वं पोरी, पाण्यानं आणखीन होते." आजीचा आमच्यावर केवढा जीव! स्वत:च्या ताटातला घास काढून ती नातवाला भरवी. तिचे ऐकू नये असे मला वाटण्याचे कारणच नव्हते. भाऊ गडव्याकडे हात करी आणि मी गडवा उचलून फडताळात ठेवी. तो रडला की मी त्याला झोळीत घालून जोराने झोका देई. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याचे रडणे कमी झाले, तेव्हा मला बरे वाटले. वाटले, हगवण उतरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणवाडीची बाई गृहभेटीला आली. तिने झोळीत डोकावून पाहिले मात्र, तिचा चेहरा पालटला. तिने भावाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट झाली नाही, दुमडलेलीच राहिली. डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते. तिने चुलीवर पाणी उकळायला ठेवले, थंड केले आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून चमच्या-चमच्याने त्याला पाजावयास बसली. तास दीड तास ती तशीच बसून होती. मग आईला बांधीवरून बोलावून घेऊन तिने दोघांना आरोग्य केंद्रात धाडले. जाताना ती आजीवर रागावली नाही. एवढेच म्हणाली, "माया तुमची खरी हाय आजी. पन लेकराच्या आंगातलं पानी सरलं हाय. जेवढं गेलं तेवढं भरून द्या लागते."

माझा भाऊ वाचला. यंदा तो दहावीत आहे आणि त्याला यातले काहीही आठवत नाही. मला मात्र तो गडवा आणि ते फडताळ अजून आठवते. "लेकरे सांभाळायला कसले आले आहे प्रशिक्षण?" या वाक्यावर टाळी वाजविणे मला यापुढे कधीही जमणार नाही.

आता या प्रसंगाचा थोडा विचार करू. आमच्या घरात ममतेचा तुटवडा होता काय? मुळीच नाही. तुटवडा होता तो ज्ञानाचा. पोटावरची कातडी चिमटीत धरून पाहावी, हे अंगणवाडीच्या बाईला कोणत्या अंत:प्रेरणेने सुचले नव्हते. ते तिला कोणीतरी शिकविले होते. आणि ज्याने शिकविले त्याच्यापर्यंत ते ज्ञान मोठ्या खटपटीने आले होते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळची शिरेतून द्यावयाची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास शिकविले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते शेकडा ४ च्या खाली आले. पाजणारे हात आई-बापांचेच होते. फरक पडला तो त्या हातांना काय करावयाचे ते कळल्यामुळे.

तेव्हा 'ममता की प्रशिक्षण' असा वाद घालणेच चुकीचे आहे. ममता ही प्रशिक्षणाने येत नाही हे खरे. पण प्रशिक्षणावाचून ममता आंधळी राहते हेही तितकेच खरे. मुलाचे वजन वाढत नाही हे आईच्या ध्यानात उशिरा येते, कारण ती त्याला रोज पाहते. आलेखावर ठिपके मांडणाऱ्या बाईच्या ते दोन महिन्यांत ध्यानात येते. दोन वर्षांचे मूल हाक मारली असता वळून पाहत नाही, याला घरचे 'हट्टी आहे' म्हणतात. शिकलेली बाई त्याच्या कानांची तपासणी करवून घेते. वेळीच दिसणे हेच या क्षेत्रातील सर्वांत मोठे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

हे सारे आपल्या महाराष्ट्राला नवे आहे असेही नाही. किंबहुना या विषयात महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली. आपल्या विदर्भाशीही या कथेचा एक धागा जुळलेला आहे. ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहत होत्या. पुढे त्या राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या आणि तेथून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. मादाम माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, त्यापूर्वी कितीतरी वर्षे गिजुभाई आणि ताराबाई ही दोघे त्यांच्या पद्धतीचा आपल्या मातीत प्रयोग करीत होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालविली, बालशिक्षिका तयार केल्या. बालवाडी काढण्याआधी बालवाडीची शिक्षिका घडविली पाहिजे, हे सूत्र त्यांनी कधी सोडले नाही.

१९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी जे केले ते खेड्यातील गरिबांच्या मुलांसाठी करता येते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई म्हणजे बालपणीच वैधव्य आलेली आणि तरीही जिद्दीने शिकून शिक्षिका झालेली बाई. दोघींच्या असे ध्यानात आले की बालवाडी उघडली तरी मुले येत नाहीत. का येत नाहीत? कारण मोठे मूल धाकट्याला सांभाळते, नाहीतर गुरे वळते. म्हणजे नेमकी माझीच गोष्ट, माझ्या जन्माच्या साठ वर्षे आधीची! तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही आणि आईबापांना उपदेशही केला नाही. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरविले. ही अंगणातली वाडी म्हणजे अंगणवाडी. आज आसेतुहिमाचल जो शब्द सरकारी कागदांवर छापला जातो, त्याचा उगम असा आहे.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकत्र आणली गेली. त्यातले मर्म पाहा. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवता आले की मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू शकते. एका पाळण्याने दोन मुलांचे शिक्षण होते. माँटेसरीची महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून अनुताईंनी शंख, शिंपले, बिया, पाने, काड्या यांतूनच साधने केली. आपल्याकडे मोहाच्या टोळ्या आहेत, चिंचोके आहेत, बांबू आहे, धानाच्या लोंब्या आहेत. साधनांची वाण आपल्याला नाही. ती कशी वापरावी हे जाणणाऱ्या बाईची वाण आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. गौरव करण्यात आपण मागे नसतो. पण त्यांच्या कार्याचा गाभा होता तो अध्यापिकेच्या प्रशिक्षणाचा, आणि गौरवाच्या फुलांखाली नेमका तोच झाकला गेला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. आरंभी देशभर ३३ प्रकल्प होते. आपल्या राज्यात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी ही पहिली ठिकाणे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली द्यावयाच्या होत्या. कल्पना खरोखरच भव्य होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून वेळोवेळी आदेश देऊन ही सेवा सर्व वस्त्यांपर्यंत नेण्यास शासनाला भाग पाडले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा उल्लेख आला. म्हणजे कागदावर आपण पुष्कळ पुढे आलो.

पण प्रत्यक्षात काय आहे? गृहअर्थशास्त्राच्या एका प्रकल्पासाठी गेल्या वर्षी मी जवळच्या एका अंगणवाडीत आठ दिवस जाऊन बसले. मुले तीन ते सहा वर्षांची. सेविका एक, मदतनीस एक. मदतनीस खिचडी शिजविण्यात, मुले आणण्यात, पाणी भरण्यात गुंतलेली. सेविका सकाळी मुलांचे एक गाणे घेते न घेते तोच तिचा भ्रमणध्वनी वाजू लागे. माहिती भरा, छायाचित्र पाठवा, यादी पाठवा. गरोदर मातांची नोंद, स्तनदा मातांची नोंद, वजन-उंचीची नोंद, आहाराची नोंद. त्यातून निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामे आली तर आणखीच. आठ दिवसांत सलग अर्धा तास ती मुलांजवळ बसलेली मी दोनदाच पाहिली. त्या दोन वेळा मात्र पाहण्यासारख्या होत्या! मुले तिच्याभोवती अशी गोळा झाली की जणू शेकोटीभोवती बसली आहेत. जिला कला अवगत आहे तिलाच आपण कारकून करून ठेवले आहे, असे मला वाटले.

आणि या सर्वांचा मोबदला? त्याला वेतन म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. मान किती आणि धन किती, हे विचारू नये म्हणूनच तो योजला असावा. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसाचे २,२५० रुपये केले. राज्य आपली भर त्यात घालते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या तेव्हा ठिकठिकाणी अंगणवाड्यांना कुलपे लागली. आपल्यापैकी कितीजणांना त्याची दखल घ्यावीशी वाटली? २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. म्हणजे योजना सुरू होऊन जवळजवळ ४७ वर्षांनी हे मान्य झाले की ही बाई सेवाभावी स्वयंसेविका नसून काम करणारी बाई आहे.

प्रशिक्षणाची गोष्ट याहून वेगळी नाही. पहिलीच्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकाला दोन वर्षांची पदविका लागते, आणि ती लागावीच. पण त्याच्या आधीच्या तीन वर्षांचे मूल ज्या बाईच्या हाती द्यावयाचे तिला कित्येक वर्षे महिनाभराच्या आसपासचे प्रशिक्षण पुरेसे मानले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच असे नमूद आहे की मेंदूची शेकडा ८५ वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्याच धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आहे. सूचना उत्तम आहे. परंतु कामाचा सारा बोजा तसाच ठेवून, रात्री भ्रमणध्वनीवर धडे पाहून हे प्रशिक्षण घ्या म्हटले तर त्याचे प्रमाणपत्र होईल, शिक्षण होणार नाही.

प्रशिक्षणाने आणि मनुष्यबळाने खरेच फरक पडतो काय, असे कोणी विचारील. विचारावेच. उत्तर शोधावयास दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या खेड्यातल्याच बायांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले. वजन कसे करावे, श्वास कसा मोजावा, जंतुदोष कसा ओळखावा, बाळाला ऊब कशी द्यावी, हे सर्व त्या शिकल्या आणि घरोघर जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटल्याचे दिसले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने त्याची नोंद घेतली. जंगल तेच, गरिबी तीच, बायाही त्याच गावच्या. त्यांच्या जोडीला आले ते शिक्षण, देखरेख आणि कामाचा मोबदला.

तामिळनाडूतील ३२० अंगणवाड्यांचा एक प्रयोगही असाच बोलका आहे. त्यांतील काही अंगणवाड्यांत केवळ मुलांना शिकविण्यासाठी अर्धवेळ अशी एक जादा कार्यकर्ती नेमली गेली. शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित व भाषा सुधारली आणि मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहावयास सवड मिळाल्यामुळे तीव्र कुपोषणही घटले. दूरच्या अमेरिकेत मिशिगन राज्यातील एका गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरच्या १२३ मुलांवर असाच एक अभ्यास झाला. त्यांपैकी ५८ मुलांना प्रशिक्षित शिक्षकांची बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. ही मुले चाळिशीला येईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले, अधिक जणांना कामधंदा लागला आणि तुरुंगाची पायरी चढणारे कमी निघाले. लहानपणी घातलेला पैसा मोठेपणी समाजाला परत मिळतो, असे अर्थशास्त्रज्ञ म्हणू लागले ते अशा अभ्यासांच्या आधारे.

येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की मुले सांभाळणे हे कुटुंबाचे काम आहे, त्यात सरकार कशाला? पण आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांची स्थिती काय आहे? रोवणीला आई बांधीवर. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडावयास आई-बाप पहाटेच जंगलात. कोणी नागपूरला बांधकामावर, कोणी तेलंगणात मिरची तोडावयास. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे एक लक्ष पानात, एक सुपात, आणि तंबाखूच्या त्याच धुळीत मूल रांगत असते. कुटुंब आपले काम टाळीत नाही. ते पोटासाठी बाहेर पडले आहे. पाळणाघराचे कायदेही झाले, नाही असे नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांपुरती. घरखेप विडीवालीला तिचा काय उपयोग? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन नेमावे, असे म्हटले होते. मी मातीकामाची अनेक कामे पाहिली, झाडाला टांगलेल्या झोळ्याही पाहिल्या, ती बाई मात्र क्वचितच पाहिली. २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. रोवणीच्या बांधीत पन्नास बाया असल्या तरी तिला आस्थापना कोण म्हणणार?

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढा पैसा आणावयाचा कोठून? आमच्या जिल्ह्यात धानाच्या बोनसची चर्चा दरसाल चावडीपासून विधानसभेपर्यंत होते. ती व्हावीच, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण अंगणवाडीचे छप्पर गळते यावर ग्रामसभेत कोणी हात वर केल्याचे मला आठवत नाही. पैसा नसतो असे नाही, तो मागणारा आवाज नसतो. तीन वर्षांच्या मुलाला मत नाही आणि त्याच्या आईला सवड नाही. शिवाय न केलेला खर्च वाचतो असे थोडेच आहे? तो पुढे कुपोषित बालकांच्या केंद्रात होतो, दवाखान्यात होतो, दहावीच्या नापासांच्या यादीत होतो आणि माझ्यासारख्या मुलींच्या हजेरीपटावरच्या गैरहजेऱ्यांत होतो. त्याची एकत्र बेरीज कोणी मांडीत नाही, इतकेच.

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार सूचना मांडते. पहिली, प्रत्येक अंगणवाडीत आहार-आरोग्याच्या कामाला एक आणि मुलांना शिकविण्याला एक अशा दोन प्रशिक्षित सेविका असाव्यात. दुसरी, सेविकेचे प्रशिक्षण तिच्या कामाच्या वेळेत, पगारी आणि चांगल्या बालवाडीत प्रत्यक्ष काम करून व्हावे, आणि त्याला पदविकेचा दर्जा व तसा मोबदला मिळावा. तिसरी, रोवणीच्या व तेंदूपानांच्या हंगामात गावोगावी दिवसभराचे पाळणाघर असावे. २०२२ पासून 'पालना' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ धानपट्ट्यातील गावांना हंगामापूर्वी मिळाला तर कितीतरी मुली वर्गात दिसतील. चौथी सूचना आपल्या महाविद्यालयासाठी आहे. गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींनी, आणि विद्यार्थ्यांनीही, आठवड्यातून एक दिवस जवळच्या अंगणवाडीत काम करावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एखाद्या वर्षी बांबूची व बियांची खेळणी करून दहा अंगणवाड्यांना द्यावीत. गुरुजनांनी यावर विचार करावा, ही नम्र विनंती.

माझे वडील फारसे शिकलेले नाहीत. पण पऱ्हे टाकावयाची जागा ते दरवर्षी नीट पारखून ठरवितात. पाण्याजवळची, चांगल्या मातीची, घराच्या नजरेतली. असेल नसेल ते शेणखत आधी तेथे पडते. एकदा मी विचारले, "बाबा, एवढ्याशा तुकड्याले एवढं खत काहून?" ते म्हणाले, "पऱ्हा मरतुकडा निघाला का मंग बांधीत कितीबी खत टाक, धान भरत नाही." शेतीतले हे शहाणपण आपल्या साऱ्या जिल्ह्याजवळ आहे. ते मुलांच्या बाबतीत का वापरू नये?

माझ्या वादविवादपटू मित्रास एकच सांगावयाचे आहे. तू विचारलेस, आपल्या आया कोणत्या कॉलेजात शिकल्या होत्या? नव्हत्या शिकल्या. म्हणूनच त्या एकट्या पडल्या. माझ्या घरी त्या दिवशी एक शिकलेली बाई वेळेवर आली, हे माझ्या भावाचे नशीब. पण जिल्ह्यातील प्रत्येक लेकराने नशिबावर का अवलंबून राहावे?